न सांगितलेल्याची साक्ष

सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या मधोमध असेम्ब्लीच्या दोनचार ओळी घालण्याची सोय बहुतेक कंपायलर देतात, पण सी भाषेच्या आंतरराष्ट्रीय मानकाने तिला आपल्या नियमांत कधी घेतलेले नाही. पुष्कळ ठिकाणी आढळणारा एक विस्तार म्हणून परिशिष्टात तिची नोंद आहे, इतकेच. हा संकोच समजण्यासारखा आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली, १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला, आणि तिची ख्याती या एका गोष्टीवर टिकून आहे की लिहिणाऱ्याला यंत्राच्या अगदी जवळ जाता येते, तरी एकाच यंत्राला बांधून घ्यावे लागत नाही. असेम्ब्लीची ओळ आली की ते बांधलेपण आलेच. एम्बेडेड कामात मात्र ती टाळून भागत नाही. अर्दुइनो उनोच्या पाटीवर बसवलेल्या एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरचे उदाहरण घ्या. त्याच्या घड्याळाचा वेग बदलायचा असेल तर आधी परवानगीचा एक बिट लिहावा लागतो आणि त्यानंतर चार सायकलींच्या आत नवी किंमत लिहावी लागते. १६ मेगाहर्ट्झवर हा अवधी पाव मायक्रोसेकंदाचा. 'चार सायकलींच्या आत' असे म्हणायला सी भाषेत शब्दच नाही. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपमध्ये इंटरप्ट थोपवून धरायचे तर त्यासाठी वेगळी यंत्रसूचना आहे. सी भाषेला इंटरप्ट ही वस्तूच ठाऊक नाही. अशा जागी लिहिणारा वरची भाषा क्षणभर बाजूला ठेवतो आणि यंत्राशी त्याच्याच बोलीत बोलतो.

यात तत्त्वज्ञानाला रस वाटावा अशी गोष्ट ही की कंपायलर ती बोली ऐकत नाही. जीसीसी या कंपायलरची कागदपत्रे हे लपवत नाहीत. अवतरणचिन्हांत दिलेल्या असेम्ब्लीचा अर्थ कंपायलरला कळत नाही, ती असेम्ब्ली म्हणून वैध आहे का हेही तो पाहत नाही. ठरलेल्या जागी रजिस्टरांची नावे भरून तो मजकूर जसाच्या तसा असेम्बलरच्या हवाली करतो. मजकुरातल्या ओळी तेवढ्या तो मोजतो, आणि त्याही या तुकड्याला किती जागा लागेल याचा अंदाज बांधण्यासाठी. मग या तुकड्याच्या मागचापुढचा सीचा भाग तो कशाच्या आधारावर रचतो? लिहिणाऱ्याने शेजारी दिलेल्या जबानीच्या आधारावर. तिचे तीन कप्पे असतात. पहिल्यात तुकड्यातून काय बाहेर येईल ते, दुसऱ्यात काय आत जाईल ते, आणि तिसऱ्यात याखेरीज आणखी कायकाय बदलून जाईल ते: अमुक रजिस्टर, फ्लॅग, मेमरी. या तिसऱ्या कप्प्याला क्लॉबर यादी म्हणतात. एखाद्या रजिस्टरचे नाव या कप्प्यांत कुठेच नसेल, तर त्यातली किंमत तुकड्याच्या आधी होती तीच नंतरही आहे असे कंपायलर धरून चालतो. यादीत मेमरीचा उल्लेख नसेल, तर मघाशी वाचलेला आकडा पुन्हा मेमरीतून आणण्याचे कारण त्याला दिसत नाही. त्याने पाहिलेले काही नाही. त्याला जे सांगितले तेवढेच त्याला माहीत.

स्वतः न पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून जाणणे याला आपल्या दर्शनांत शब्दप्रमाण म्हणतात आणि त्यावरचा वाद फार जुना आहे. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या बरोबरीने शब्दाला चौथे स्वतंत्र प्रमाण मानतात, आणि त्याची मदार आप्तावर ठेवतात. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त कोण, तर ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू, असेही तो तिथेच सांगून टाकतो. चार्वाकाला शब्द मान्य नाही. वैशेषिक आणि बौद्ध म्हणतात की शब्द हे वेगळे प्रमाण नसून अनुमानाचाच एक प्रकार आहे: हा माणूस आजवर खरे बोलत आला, म्हणून आताही खरे बोलत असणार. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांविषयी लिहिताना साक्षीचे वजन अनुभवाच्याच तागडीत केले, तेही याच बाजूचे. मात्र या साऱ्या वादात प्रश्न एकाच गोष्टीचा असतो, आणि ती म्हणजे सांगितलेली गोष्ट. सांगणाऱ्याने सांगितले ते खरे मानावे का, कोणत्या आधारावर मानावे, किती मानावे? इनलाइन असेम्ब्लीच्या या अडगळीतल्या दिसणाऱ्या सोयीने मला त्याच्या शेजारचा, पण माझ्या मते अधिक अवघड प्रश्न दिसतो. कंपायलर सांगितलेल्या तीन गोष्टींवर जेवढा विसंबतो, त्याहून कितीतरी अधिक न सांगितलेल्या तीस गोष्टींवर विसंबतो. ही दुसरी साक्ष कुणी उच्चारलेलीच नाही. मग ती प्रमाण कशी?

बंद खोलीत काम करून बाहेर आलेला गवंडी म्हणतो, कपाट हलवले आहे आणि खिडकीची एक काच गेली आहे. मालक लगेच धरून चालतो की पलंग जागेवर आहे आणि दुसरी काच शाबूत आहे. गवंड्याने पलंगाचे नावही काढलेले नाही. हे ज्ञान कोणत्या दारातून आले? भाट्ट मीमांसकांनी आणि त्यांच्यामागून अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानले, ते अभावाच्या ज्ञानासाठी: जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही. पण त्यांनी लगेच अट घातली. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा न दिसणे हे घडा नसल्याचे प्रमाण नव्हे. क्लॉबर यादीतल्या मौनाला हीच अट लागू आहे. चौथ्या रजिस्टरचे नाव नाही, म्हणून ते बदललेले नाही, हा निष्कर्ष एकाच परिस्थितीत बरोबर: ते बदलले असते तर सांगितलेच असते. जमिनीवरच्या घड्याच्या बाबतीत ही अट उजेड आणि डोळे पुरवतात. इथे ती पुरवणारा निसर्ग नाही. यादी लिहिणाऱ्याने सगळे सांगण्याचे अंगावर घेतले आहे आणि ते पार पाडले आहे, एवढ्यानेच ती पुरी होते. तेव्हा माझे म्हणणे असे की शब्दप्रमाणाचा खरा भार उच्चारलेल्या वाक्यावर पडत नाही. वाक्यासोबत वक्ता गप्प राहून संपूर्णतेची जी हमी देतो तिच्यावर तो पडतो. आणि अशी हमी जिथे कुणी दिलेलीच नाही तिथे मौनाला कसलेही प्रामाण्य नाही, मग वक्ता कितीही सच्चा असो.

सच्चेपणा पुरत नाही, हे क्लॉबर यादीतल्या चुकांवरून चांगले दिसते. यादीत नाव विसरलेले रजिस्टर पुष्कळदा वर्षानुवर्षे काही त्रास देत नाही, कारण त्या ठिकाणी कंपायलरला ते वापरण्याची गरजच पडलेली नसते. मग कोणी आजूबाजूच्या फंक्शनमध्ये एक चल वाढवतो, किंवा ऑप्टिमायझेशनची पातळी चढवतो, किंवा कंपायलरची नवी आवृत्ती येते, आणि ज्या ओळीला कोणी हात लावला नाही ती ओळ बिघडते. नैयायिकांचे म्हणणे असे की ज्ञान खरे आहे हे आपल्याला त्यावर आधारलेली कृती सफल झाल्यावरून कळते: पाणी समजून गेलो, तहान भागली, म्हणजे ते पाणीच. इथे तहान वर्षभर भागत राहते आणि पाणी मात्र नसते. म्हणून ही कसोटी मौनाला लावता येत नाही असे मला वाटते. कृतीचे यश फक्त इतके सांगते की आजच्या श्रोत्याने या मौनाचा अद्याप उपयोग करून घेतलेला नाही. जबानी मात्र आजच्या श्रोत्यापुरती नसते, तिचा आधार घेऊ शकणाऱ्या प्रत्येक श्रोत्यासाठी असते.

ही भीती केवळ काल्पनिक नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रस्टिना नावाचे साधन बनवून डेबियन या लिनक्स वितरणातली इनलाइन असेम्ब्ली असलेली २०२ पॅकेजे तपासली गेली. असेम्ब्लीचे २,६५६ तुकडे होते. तुकडा आणि त्याची जबानी यांच्यात न जुळणाऱ्या २,१८३ जागा सापडल्या आणि त्यांतल्या ९८६ महत्त्वाच्या निघाल्या. हे सगळे चालू, लोकांच्या वापरातले सॉफ्टवेअर. लबाडी कुणाची नव्हती. सांगितलेले बहुतांशी खरेच होते, उणीव होती ती न सांगितल्याची. इंटेलच्या एक्स८६ जातीच्या यंत्रांवर तर जीसीसी फ्लॅगांच्या बाबतीत यादीकडे पाहतच नाही. असेम्ब्लीच्या प्रत्येक तुकड्याने ते बदललेच असे धरतो. म्हणजे त्या एका बाबतीत श्रोत्याने मौनाला अर्थ देणेच सोडून दिले आहे. प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने हा फार शहाणपणाचा व्यवहार आहे. सगळे सांगितले जाईल याची खात्री जिथे नाही, तिथे न सांगितल्यावरून काहीच काढायचे नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. कंपायलरने डोळे मिटून का बसावे? त्याने ती असेम्ब्ली स्वतःच वाचावी, म्हणजे साक्षीची गरज उरणार नाही. हे अशक्यही नाही. मायक्रोसॉफ्टचा ३२ बिटी सी कंपायलर आपल्या असेम्ब्लीच्या तुकड्यातली रजिस्टरे स्वतः पाहून घेतो. ६४ बिटी आणि एआरएम यंत्रांसाठी मात्र त्याने ही सोयच दिलेली नाही. रस्टिनासारखे साधन तर नेमके वाचण्याचेच काम करते, आणि ते जरूर वापरावे. पण वाचून काय कळते ते नीट पाहिले पाहिजे. सूचना कोणत्या रजिस्टरमध्ये लिहिते हे कळते. अमुक पत्त्यावर एक लिहिल्यावर त्या पत्त्यामागचे उपकरण काय करते, ते मेमरीचा भलताच भाग स्वतःहून भरू लागते का, झोपवलेला प्रोसेसर कशाने जागा होतो, हे सूचनेच्या अक्षरांत नाही. ते चिपच्या डेटाशीटमध्ये आहे, आणि डेटाशीट ही चिप बनवणाऱ्याची जबानीच. तिच्या पाठोपाठ येणारी शुद्धिपत्रे सांगतात की त्या जबानीतही गाळलेले असते. शब्दाचे अनुमानात किंवा प्रत्यक्षात रूपांतर करू पाहणारा प्रत्येक जण असा एक पायरी खाली जातो आणि तिथे त्याला दुसरा बोलणारा भेटतो. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या सहाव्या प्रकरणात शब्दाचे खंडन केले आहे, पण ते स्वयंप्रकाश आत्मवस्तूपुरते: जी वस्तू स्वतःच प्रकाशते तिला दाखवायला शब्द काय करणार? मायक्रोकंट्रोलरचे उपकरण असे स्वयंप्रकाश नाही, आणि कंपायलरला तर नाहीच नाही.

याच आक्षेपाचे एक मवाळ रूप व्यवहारी इंजिनिअर मांडतात: स्वतः असेम्ब्ली लिहू नये, तयार फंक्शने वापरावीत. सल्ला उत्तम आहे. पण एआरएमच्या सीएमएसआयएस या संग्रहातले इंटरप्ट बंद करणारे फंक्शन उघडून पाहिले तर जीसीसीसाठी आत एकच असेम्ब्ली सूचना आणि तिच्या यादीत मेमरी, एवढेच असते. साक्षीदार बदलला, अधिक आप्त झाला. साक्ष टळली नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. लिनक्सच्या गाभ्यात एक प्रसिद्ध ओळ आहे, जिच्यात असेम्ब्लीचा मजकूर रिकामा असतो. अवतरणचिन्हे उघडतात आणि लगेच मिटतात. क्लॉबर यादीत मात्र मेमरी लिहिलेली असते. या ओळीतून एकही यंत्रसूचना निघत नाही, मेमरीतला एकही बिट हलत नाही, तरी प्रोग्रॅम बदलतो: या ओळीच्या आधीचे मेमरीतले लिहिणे-वाचणे कंपायलर तिच्या पलीकडे नेत नाही, पलीकडचे अलीकडे आणत नाही. एम्बेडेड कोडमध्येही हीच युक्ती ठिकठिकाणी दिसते. म्हणजे मेमरी बदलली ही साक्ष धादांत खोटी, आणि तरी उपयुक्त. जबानीचे प्रामाण्य तिच्या खरेपणावर असते म्हणणाऱ्याने आता काय करावे? माझ्या मते इथे नैयायिकांपेक्षा मीमांसक अधिक कामाला येतात. वेदवाक्याचे तात्पर्य घडलेल्या गोष्टीचे वर्णन करण्यात नाही, काय करावे आणि काय करू नये हे सांगण्यात आहे, असे ते मानतात. वर्णनपर वाक्ये विधीला धरून असतात. क्लॉबर यादीचे वाक्य तसे वाचले की खोटेपणाचा प्रश्न उरत नाही. 'मेमरी बदलली' हे तिचे म्हणणे नाही. 'मेमरी बदलली नाही असे धरू नकोस' हे आहे. हा निषेध आहे, आणि निषेध खरा किंवा खोटा नसतो, तो पाळला जातो किंवा मोडला जातो. यावरून यादीतले उच्चार आणि मौन यांच्यातली विषमताही स्पष्ट होते. जास्त सांगितले तर श्रोता काही गोष्टी धरून चालायचे थांबतो, कोड थोडा जाड आणि संथ होतो, पण बिघडत नाही. कमी सांगितले तर जे धरायला नको ते तो धरतो. वर्णन म्हणून पाहिले तर दोन्ही चुका सारख्या, हमी म्हणून पाहिले तर मुळीच नाहीत. भीतीपोटी प्रत्येक तुकड्याला मेमरी जोडून देणारेही असतात. दोन किलोबाइट रॅमच्या चिपवर त्यांचा कोड फुगतो, पण ज्ञानशास्त्राच्या न्यायालयात मी त्यांना सोडून देईन.

आतापर्यंत गप्प बसणारा लिहिणारा होता. उलट बाजूचे मौनही तितकेच फसवते, आणि एव्हीआर चिपसाठीच्या एव्हीआर-लिबसी या संग्रहाच्या कागदपत्रांत त्याचे सुरेख उदाहरण दिले आहे. प्रोग्रॅममध्ये आधी एक भागाकार आहे, मग इंटरप्ट बंद, मग त्या भागाकाराचे उत्तर एका सामाईक चलात ठेवणे, मग इंटरप्ट पुन्हा सुरू. लिहिणाऱ्याचा हेतू उघड आहे: या आठ बिटी यंत्रात भागाकाराची सूचनाच नाही, तो वेळखाऊ सबरूटीनने करावा लागतो, म्हणून तो इंटरप्ट बंद होण्याआधी उरकावा. कंपायलर मात्र तो भागाकार उचलून इंटरप्ट बंद असलेल्या टापूत नेऊन ठेवतो. वर पाहिलेल्या रिकाम्या ओळीसारखी मेमरीची भिंत मधे उभी आहे, पण भागाकार रजिस्टरांत होतो, मेमरीला शिवत नाही, तेव्हा त्या भिंतीचा त्याच्याशी संबंध नाही. कंपायलरने दिलेला एकही शब्द मोडलेला नाही. भागाकार जागेवर राहील असे तो कधी म्हणालाच नव्हता. तो गप्प होता आणि लिहिणाऱ्याने त्या गप्प बसण्याला हमी समजले. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असे म्हणणाऱ्यासारखीच ही चूक आहे. कंपायलरने काळवेळेबद्दल सगळे सांगण्याचे कधीही अंगावर घेतलेले नव्हते. सी भाषेला वेळ ठाऊक नाही, हे तर सुरुवातीलाच दिसले होते.

मीमांसक यावर एक जबरदस्त उत्तर देऊ शकतात. ज्ञान स्वतःप्रमाण असते, ते म्हणतील. बाधक पुरावा समोर येईपर्यंत ते खरेच मानायचे, नाहीतर प्रत्येक प्रमाणाला दुसरे प्रमाण लागेल आणि त्याला अंत नाही. बाधक येत नाही तोवर मौनावरही विश्वास ठेवावा. रोजच्या व्यवहारात आपण करतो तेही हेच, आणि त्यात चूक नाही. पण या भूमिकेत एक गृहीत दडले आहे: बाधक असेल तर तो समोर येईल. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्याचे सॉफ्टवेअर इनलाइन नव्हते, सगळेच पीडीपी-११ च्या असेम्ब्लीत होते. पण मुद्दा तोच. त्याचा काही भाग थेरॅक-२० या आधीच्या यंत्रातून आलेला होता आणि तिथे त्याने कुणाला इजा केलेली नव्हती. पुढे कळले की त्यातला एक दोष त्या जुन्या यंत्रातही होताच. तिथे स्वतंत्र विद्युत अडसर होते. चूक झाली की फ्यूज उडे आणि रुग्ण वाचे. नव्या यंत्रातून ते अडसर काढून टाकले गेले. जुन्या यंत्रात बाधक रोज हजर होता, फक्त त्याने सॉफ्टवेअरचे नाव घेतले नाही. बाधकाची अनुपलब्धी हीसुद्धा अनुपलब्धीच, आणि तिलाही तीच अट आहे.

आता एक रास्त शंका. कंपायलर हा ज्ञाता नाही. त्याला विश्वास नाही, शंका नाही, फसवले गेल्याचे दुःख नाही. त्याच्या संदर्भात आप्त आणि श्रोता असे बोलणे हे केवळ रूपक नाही का? कंपायलरला ज्ञाता ठरवण्याचा माझा आग्रह नाही. पण जबानीचा खरा श्रोता तो नव्हेच. तीन कप्प्यांची ती पद्धत माणसांनी ठरवली, तिच्यावर विसंबून ऑप्टिमायझेशनचे नियम माणसांनी लिहिले, आणि पाच वर्षांनी तो तुकडा दुसऱ्या चिपवर नेणारा प्रोग्रॅमरही माणूसच. क्लॉबर यादी तोच वाचतो आणि तिच्यात नाही ते झाले नाही असे मानतो. कंपायलर या सर्वांमधला निरोप्या आहे. निरोप्या अडाणी असला म्हणून निरोप रूपक होत नाही. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या वेळी केलेल्या, १९८४ मध्ये छापलेल्या भाषणात दाखवून दिले होते की हा निरोप्याही लबाड असू शकतो: मूळ कोडमध्ये खूण न ठेवता कंपायलर चोरवाट घुसवू शकतो आणि आपल्या पुढच्या पिढीलाही ती शिकवू शकतो. त्यांचा निष्कर्ष निराशेचा होता. मला त्यात निराशेपेक्षा एक चोख निरीक्षण दिसते. मूळ कोडमध्ये नाही म्हणून यंत्रसंकेतात नाही, हे अनुमान ते मोडतात. म्हणजे पुन्हा मौनावरचाच निष्कर्ष.

हे सारे धर्मविचाराला लागू पडते ते असे. धर्मग्रंथांवरचे आपले वाद बहुधा ग्रंथात सांगितलेले खरे की खोटे यावर होतात असे वाटते, पण प्रत्यक्षात निम्मे भांडण ग्रंथात नसलेल्यावर चालते: शास्त्राने सांगितलेले नाही, म्हणून निषिद्ध, किंवा शास्त्राने मना केलेले नाही, म्हणून मोकळीक. क्लॉबर यादीसारखे, म्हणजे 'एवढेच, बाकी नाही' असे बोलणारे वाक्य मीमांसेला ठाऊक होते. त्याला परिसंख्या म्हणतात. पाच नखांच्या प्राण्यांपैकी पाच खाण्याजोगे, हे तिचे नेहमीचे उदाहरण. त्याचा अर्थ ते पाच खा असा नाही, भूक लागलेल्याला ते सांगावे लागत नाही. इतर खाऊ नका, एवढाच अर्थ निघतो. लक्षणीय गोष्ट ही की मीमांसकांना परिसंख्या आवडत नाही. तिच्यात ते तीन दोष दाखवतात: उच्चारलेला अर्थ सोडावा लागतो, न उच्चारलेला घ्यावा लागतो, आणि आपोआप प्राप्त असलेली गोष्ट अडवावी लागते. म्हणून दुसरा मार्गच नसेल, वाक्य अन्यथा निरर्थक होत असेल, तेव्हाच ती मानायची. मौनातून अर्थ काढण्यावर इतका कडक लगाम दुसऱ्या कुठल्या परंपरेने घातल्याचे मला माहीत नाही.

तो लगाम सुटला की काय होते? एकोणिसाव्या शतकातल्या विधवाविवाहाच्या वादात बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आणि महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनी पराशरस्मृतीतल्या एका श्लोकाचा आधार घेतला. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो, असे तो श्लोक सांगतो. रोज मारझोड करणारा नवरा या पाचांत नाही. कोणी म्हणेल, पाच असा आकडाच घातला आहे, तेव्हा ही परिसंख्या आणि सहाव्याला जागा नाही. पण मीमांसकांच्याच कसोटीवर हे टिकत नाही. पाच नखांच्या प्राण्यांचे वाक्य इतरांचा निषेध मानल्यावाचून रिकामे पडते. पराशराचे वाक्य तसे पडत नाही; एरवी न मिळणारी परवानगी ते देते, आणि तेवढे काम त्याला पुरेसे आहे. आकडा सांगितलेल्या आपत्तींची मोजणी करतो, न सांगितलेल्यांबद्दल हमी देत नाही. फर्मवेअरमधल्या यादीखाली कोणाचे तरी नाव असते आणि हे रजिस्टर का गाळले असे त्याला विचारता येते. स्मृतिकाराला ते विचारता येत नाही, म्हणूनच सगळे सांगण्याचे त्याने अंगावर घेतले होते की नाही हे त्याच्या वाक्यातच दिसायला हवे. या श्लोकात ते दिसत नाही. मारझोडीबद्दलच्या त्याच्या मौनातून जो निषेध काढतो तो पराशराचे मत सांगत नाही, स्वतःचे सांगतो.